दूध पुरत नाही, असं म्हणण्याआधी

"हिला अजून दूधच उतरलं नाही." बाळंतिणीच्या खाटेपाशी हे वाक्य कुणी ना कुणी बोलतंच. बोलणारं माणूस बहुतेक वेळा मायेनंच बोलतं. कधी आत्या असते, कधी शेजारच्या काकू, कधी बाळाची आजीच. पण ते कानावर पडल्यापासून बाळंतिणीचा धीर सुटतो. बाळ रडलं की तिला वाटतं उपाशी आहे, बाळ झोपलं की वाटतं अशक्तपणानं झोपलं. मग बाळाचे बाबा मेडिकलमधून पावडरचा डबा घेऊन येतात. प्रसूतीच्या वॉर्डात बाळंतिणींना पाजायला शिकवणं हे माझं काम आहे. अंगावरचं दूध सुटताना मी पाहिलं आहे ते आजारापेक्षा या एका वाक्यामुळे जास्त. म्हणून हे सांगणं जितकं बाळंतिणीला आहे, तितकंच तिच्या भोवतीच्या माणसांना आहे.

आधी पहिल्या तीन दिवसांचं बोलू, कारण सगळा घोळ तिथेच होतो. या दिवसांत येतो तो चीक. घट्ट, पिवळसर आणि अगदी थोडा. थोडा असतो म्हणजे कमी पडतो असं नाही. पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी जेमतेम छोटा चमचाभर लागतो, कारण त्याच्या पोटात जागाच तेवढी असते. रोगजंतूंशी झुंजणारी द्रव्यं आणि अ जीवनसत्त्व या चिकात भरपूर असतं. तो 'जड' असतो, 'शिळा' असतो, म्हणून पिळून टाका, असं सांगणाऱ्या बायका आजही भेटतात. कृपा करून टाकू नका. पुढे तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती भरून येते आणि पातळ, पांढरं दूध सुरू होतं. पहिलटकरीण असेल, सिझेरियन झालं असेल किंवा मधुमेह असेल तर याला एखादा दिवस उशीर लागू शकतो. तेवढा उशीर म्हणजे दूध नसणं नव्हे.

या तीन दिवसांत सर्वांत अवघड असते ती दुसरी रात्र. पहिला दिवस बाळ बराच झोपतं आणि सगळे म्हणतात, किती गुणी आहे. दुसऱ्या रात्री ते सारखं अंगाला मागतं. पितं, पाच मिनिटं डोळा लागतो, खाली ठेवलं की पुन्हा रडतं. आई थकलेली, टाके दुखतायत, बाकीच्यांची झोप मोडलेली. पावडर सुरू होते ती बहुतेक याच रात्री. खरं म्हणजे बाळ त्या रात्री आपल्या उद्याच्या दुधाची तजवीज करत असतं. अंगावरचं दूध विहिरीच्या पाण्यासारखं असतं, उपसा झाला तर झरे वाहते राहतात. बाळ जितकं ओढेल तितका शरीराला निरोप जातो की आणखी बनव. दूध बनवणारं संप्रेरक रात्री जास्त पाझरतं, म्हणून रात्रीचं पाजणं तर मुळीच चुकवू नये. त्या रात्री बाटलीनं पोट भरलेलं बाळ चार तास निजतं, ते चार तास छाती तशीच राहते आणि 'दूध नाही' हे वाक्य दोन-तीन दिवसांत खरं ठरायला लागतं.

पाजायला सुरुवात कधी करायची? जन्मल्यापासून तासाभराच्या आत. सिझेरियनमध्ये कमरेत इंजेक्शन देऊन भूल दिलेली असेल, आई शुद्धीवर असेल, तर तेव्हाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यांत झाली, पण जन्मल्यावर तासाभरात आईचं दूध मिळालं ते फक्त ४१.८ टक्के बाळांना. याचा दोष एकट्या जुन्या चालीरीतींना देता येणार नाही. दवाखान्यातल्या आम्हा माणसांची घाईही त्यात आहे. तेव्हा बाळंतपणाला जाण्याआधीच डॉक्टरांना आणि सिस्टरांना सांगून ठेवा, 'बाळ-बाळंतीण ठीक असतील तर बाळ लगेच तिच्या उघड्या छातीवर द्या.' हे मागताना संकोच नको, तो तिचा आणि बाळाचा हक्क आहे.

आता दूध पुरतंय की नाही हे ओळखायचं कसं? रडण्यावरून ओळखू नका. बाळ ओलं झालं म्हणून रडतं, उकडतंय म्हणून रडतं, कुशीत घ्या म्हणूनही रडतं. छाती मऊ लागते यावरून ओळखू नका. सहा आठवड्यांच्या सुमारास शरीराला अंदाज येतो आणि छाती मऊच राहते, तरी दूध भरपूर असतं. पिळून किती निघालं यावरूनही नको, कारण बाळ जसं ओढतं तसं हाताला किंवा पंपाला जमत नाही. लंगोट मोजा. पहिल्या दिवशी एकदा, दुसऱ्या दिवशी दोनदा असं वाढत जाऊन पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा भरपूर, फिकट रंगाची लघवी झाली पाहिजे. काळी चिकट शी चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी झाली पाहिजे. आणि वजन करा. पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतंच. तीन किलोचं बाळ पावणेतीनच्या आसपास आलं तर घाबरू नये. दहा टक्क्यांहून जास्त उतरलं, म्हणजे या बाळाचं २ किलो ७०० ग्रॅमच्याही खाली गेलं, तर मात्र लगेच दाखवा. दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर परत यायला हवं आणि पुढे महिन्याला निदान अर्धा किलो वाढायला हवं. लघवी आणि वजन ठीक असेल तर दूध पुरतंय. मग कुणी काहीही म्हणो.

दुखण्याकडे वळू. पाजताना जीव कळवळतो, स्तनाग्राला चिरा पडतात, रक्तही येतं आणि वडीलधाऱ्या म्हणतात, 'सुरुवातीला दुखायचंच, सोसायचं.' मला हे मान्य नाही. पहिल्या दिवसांत थोडं हुळहुळतं, ते वेगळं. पण पाजताना सतत ठणका लागत असेल तर बाळाची पकड चुकते आहे आणि ती सुधारता येते. बाळ नुसतं टोक तोंडात धरतं, हिरड्यांखाली ते चेंगरतं, आईला जखम होते आणि बाळाला दूधही नीट मिळत नाही. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच.

पकड अशी असावी. आईनं पाठ टेकून, आरामात बसावं, खाली वाकू नये. बाळाला छातीपर्यंत आणायचं, छाती बाळापर्यंत न्यायची नाही. बाळाचं पोट आईच्या पोटाला लागलेलं, डोकं आणि पाठ एका रेषेत, मान वळलेली नाही. त्याचं नाक स्तनाग्रासमोर येऊ द्या आणि वरच्या ओठाला स्तनाग्र हलकेच लावा. ते जांभई दिल्यासारखा मोठा आ करेल. तेवढ्यात त्याला झटकन जवळ घ्या, आधी हनुवटी टेकली पाहिजे. नुसतं टोक नाही, भोवतालचा काळसर भागही तोंडात गेला पाहिजे, खालून जास्त, वरून कमी. खालचा ओठ बाहेर वळलेला, गाल फुगीर, नाक मोकळं. पहिलं भराभर चोखणं झालं की ओढणं संथ होतं आणि मधे मधे गिळल्याचा आवाज येतो. चटक-चटक आवाज येत असेल, गालांना खळगे पडत असतील तर पकड सुटलेली आहे. अशा वेळी ओढून काढू नका. स्वच्छ करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आत सारा, हवा शिरली की पकड सैल होते. मग पुन्हा लावा. दहा वेळा लावावं लागलं तरी लावा. सिझेरियनच्या टाक्यांवर भार येत असेल तर बाळाला काखेखालून, पाय मागे जातील असं धरा किंवा कुशीवर निजून पाजा. निजून पाजलं की कानात दूध जातं, ही भीती बाळगू नका. बाळाचं तोंड आणि पोट आईकडे वळवलेलं असलं म्हणजे झालं. फक्त पाजून झाल्यावर त्याला स्वतःच्या जागेवर उताणं निजवा आणि तोंडाजवळ उशी किंवा दुलई ठेवू नका.

चिरा पडल्याच असतील तर पाजून झाल्यावर आपल्याच दुधाचे दोन थेंब लावून वाळू द्या. साबणानं धुऊ नका. कमी दुखणाऱ्या बाजूनं सुरुवात करा. पकड सुधारली की चिरा बहुतेक दोन-चार दिवसांत भरत येतात. नाहीच भरल्या, पाजल्यानंतरही आग होत राहिली आणि बाळाच्या तोंडात न पुसली जाणारी पांढरी पुटं दिसली तर बुरशीचा संसर्ग असू शकतो. तेव्हा आई आणि बाळ दोघांना एकाच वेळी औषध लागतं. काही बाळांची जीभ खालच्या पडद्यानं आखडलेली असते, तेही डॉक्टरांकडून बघून घ्यावं. ज्यांचं स्तनाग्र चपटं किंवा आत गेलेलं आहे त्यांनी निराश होऊ नये. बाळ स्तनाग्र ओढत नाही, त्यामागचा भाग ओढतं. थोडी जास्त मदत लागते, इतकंच.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध एकदम येतं तेव्हा छाती दगडासारखी होते, चकाकते, अंग किंचित कसकसतं. यावर सर्वांत चांगलं औषध म्हणजे बाळ. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजा. छाती इतकी ताठ असेल की बाळाला धरताच येत नाही, तर आधी दोन-तीन मिनिटं कोमट पाण्याचा कपडा ठेवा आणि हातानं थोडंसं दूध काढा, काळसर भाग मऊ होण्यापुरतंच. पाजून झाल्यावर गार पाण्याच्या घड्या ठेवा, ठणका उतरतो. पुष्कळ दूध काढून छाती रिकामी करायचा हट्ट करू नका, त्यानं दूध आणखी वाढतं.

छातीत एका जागी गाठ लागते, वरची कातडी लाल होते, हात लावला तर कळ येते. दूध साकळलं, असं आपण म्हणतो. इथे मालिशवाल्या मावशींना माझी हात जोडून विनंती आहे. गाठ रगडून, पिळून फोडायला जाऊ नका. आतला भाग सुजलेला असतो, रगडल्यानं तो आणखी दुखावतो. शेगडीचा शेकही तिथे नको. हलक्या हातानं, काखेच्या दिशेनं कुरवाळावं, गार घड्या ठेवाव्यात, ब्रा आणि ब्लाऊज सैल असावेत आणि त्या बाजूनंही पाजत राहावं. थंडी वाजून ताप आला, अंग मोडून आलं तरी पाजणं थांबवू नका. 'तापातलं दूध बाळाला बाधेल' हा समज चुकीचा आहे आणि या क्षणी तर घातक आहे, कारण दूध साचून राहिलं की दुखणं वाढतं. पॅरासिटामॉल घ्यायला हरकत नाही. चोवीस तासांत उतार पडला नाही किंवा तब्येत जास्त बिघडली तर डॉक्टरांकडे जा. ते प्रतिजैविक देतील, आणि मी पाजते आहे हे त्यांना आवर्जून सांगा, म्हणजे ते चालणारंच औषध देतील. गोळ्या मधेच सोडू नका. वेळ घालवला तर तिथे गळू होतं आणि ते काढावं लागतं.

बाळंतिणीच्या खाण्याबद्दल घरोघर एवढी मतं असतात की तिला नक्की काय द्यावं हेच कुणाला कळेनासं होतं. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथी, शेपू, बाजरीची भाकरी, खसखस, खारीक हे सगळं जरूर द्या. चांगलं, ताकदीचं खाणं आहे. पण त्यावर दूध उतरतं अशी खात्री धरू नका. दूध उतरतं पाजण्यानं. खाण्यानं आईची झीज भरते. त्याचबरोबर केळं नको, काकडी नको, वरण पातळ हवं, पाणी बेतानंच, अशी पथ्यं लादून तिला अर्धपोटी ठेवू नका. तहान लागेल तेवढं पाणी, दोन वेळचं नीट जेवण आणि मधे काहीतरी, एवढं तिला मिळालं पाहिजे.

बाळाच्या तोंडात मात्र पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको. मध नको. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून गंभीर विषबाधा होऊ शकते. गुटी नको, ग्राइप वॉटर नको. पाणीही नको, अगदी मे महिन्यातल्या नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यातही नको. दुधात सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी टक्के पाणीच असतं. जास्त उकडत असेल तर जास्त वेळा पाजा. डॉक्टरांनी लिहून दिलेले ड जीवनसत्त्वाचे थेंब आणि औषधं तेवढी चालतात.

काही आयांना खरोखरच दूध कमी येतं, हेही मला सांगायचं आहे. थायरॉइडचा त्रास, बाळंतपणातला मोठा रक्तस्राव, वारेचा तुकडा आत राहणं, स्तनाची झालेली शस्त्रक्रिया, संप्रेरकांच्या काही गोळ्या अशी कारणं असतात. अशा आया थोड्या असतात, पण असतात. वजन वाढत नसेल आणि डॉक्टर वरचं दूध द्या म्हणाले, तर द्या. त्यात त्या आईचा काही गुन्हा नाही आणि तसं तिला कुणी ऐकवूही नये. आधी अंगावर पाजून मग वरचं द्यावं, बाटलीऐवजी वाटी-चमच्यानं द्यावं, उकळलेलं पाणी वापरावं आणि डब्यावर लिहिलेलं माप तंतोतंत पाळावं. डबा पुरवायचा म्हणून पातळ केलेलं दूध बाळाला कुपोषित करतं. पण ही पावडर डॉक्टरांच्या सल्ल्यानं घरात यावी, जाहिरातीनं किंवा फुकटच्या नमुन्यानं नव्हे. १९९२ चा कायदा, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला, दोन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठीच्या दूधपावडरीची आणि बाटल्यांची जाहिरात करायला, आयांना फुकट नमुने वाटायला बंदी घालतो. दवाखान्यात कुणी हातात डबा ठेवला तर तो परत करा.

दिवस पुरे व्हायच्या आधी जन्मलेल्या, काचेच्या पेटीत ठेवलेल्या बाळाच्या आईनं दर दोन-तीन तासांनी हातानं दूध काढत राहावं, रात्रीसुद्धा. सुरुवातीला चार थेंब निघाले तरी ते बाळापर्यंत पोचवा. तिला दूध येईपर्यंत काही मोठ्या रुग्णालयांत दुसऱ्या आयांनी दिलेलं, निर्जंतुक केलेलं दूध मिळू शकतं. डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली, ती अशाच बाळांसाठी. तुमच्या रुग्णालयात अशी सोय आहे का, हे विचारा.

कामावर परतणाऱ्या बाईचं काय? कायद्यात बसणाऱ्या नोकरीत पहिल्या दोन बाळंतपणांना सव्वीस आठवड्यांची पगारी रजा आहे आणि बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळात पाजण्यासाठी दोन सुट्ट्या आहेत. मागा त्या. हातानं किंवा पंपानं काढलेलं दूध झाकून गार जागी चार तास टिकतं, फ्रीजमध्ये आतल्या बाजूला ठेवलं तर दिवसभर. उकळू नका, गरम पाण्यात वाटी ठेवून कोमट करा. पण ऊस तोडणाऱ्या, रोजानं निंदायला जाणाऱ्या, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बायकांना ना रजा आहे ना फ्रीज. कडक उन्हाळ्यात काढलेलं दूध चार तासही ठेवू नये. त्यांच्या बाबतीत बाळाला कामाच्या जागी आणू देणं आणि पाजायला वीस मिनिटं देणं हे मुकादमाच्या, शेतमालकाच्या आणि तुमच्या-माझ्यासारख्या घरमालकिणीच्या हातात आहे. तेवढं आपण केलंच पाहिजे.

घरातल्यांनो, तुम्हाला पाजता येणार नाही, बाकी सगळं करता येईल. बाबांनी ढेकर काढावी, दुपटी बदलावी, रात्री बाळ उचलून आईजवळ द्यावं, पाण्याचा तांब्या तिच्या हाताशी ठेवावा. पहिले काही दिवस पाहुण्यांना दारातूनच चहा पाजून निरोप द्या. पाजताना तिला आडोसा द्या. ताणाखाली, अपमानाखाली पान्हा अडतो, हे शरीराचं सत्य आहे. दोन आठवडे उलटूनही ती सारखी रडत असेल, बाळाकडे बघावंसं वाटत नाही म्हणत असेल, झोप मिळूनही झोपत नसेल, तर 'नाटकं' म्हणू नका, डॉक्टरांकडे न्या.

आणि काही वेळा थांबायचं नसतं. बाळ मलूल आहे, पाजायला उठतच नाही, सहा दिवसांनंतरही दिवसातून तीन-चारदाच लघवी करतं, तळहात-तळपाय पिवळे दिसतात, अंग तापलं आहे किंवा गार पडलं आहे, तर ताबडतोब दवाखाना गाठा. १०८ ला फोन करा.

बाकी अडचणींसाठी गावातल्या, वस्तीतल्या आशाताईंना बोलवा. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळाला बघायला घरी येणं हे त्यांचं ठरलेलं काम आहे. त्या आल्या की चहा देऊन बोळवू नका. बाळाचं वजन करायला सांगा, त्यांच्यासमोर बाळाला पाजा आणि पकड बघायला सांगा. आल्या नाहीत तर सातव्या दिवसाची वाट न पाहता निरोप पाठवा.